हत्तीच्या उसातला घाव

थायलंडहून येऊन दोन वर्षं होत आली. तरी गावात गेलो की कुणी ना कुणी विचारतंच, "काय काय बघून आलतास बे तिकडं?" मी सांगतो, हत्ती बघितले, आडवा झोपलेला बुद्ध बघितला, पाण्यावर भरणारा बाजार बघितला. तेवढ्यावर माणसं खूश होतात. तिथं मी काय करून आलो हे कुणी विचारत नाही, आणि मीही सांगत नाही. आजवर एकाच माणसाला सांगितलंय, माझ्या थोरल्या भावाला. तेही त्यानं विचारलं म्हणून.

मी बीड जिल्ह्यातल्या एका साखर कारखान्याच्या शेती विभागात नोकरी करतो. कुणाचा ऊस कधी तोडायचा, कोणती टोळी कुठल्या रानात धाडायची, हे बघायचं माझं काम. आमचं गाव नांदूरघाटच्या अलीकडं. आई-वडील ऊसतोड करायचे. दिवाळी झाली की बैलगाडी जुंपायची, तिच्यात भांडीकुंडी, कोंबड्या आणि आम्हा दोघा भावांना टाकायचं, आणि गुढीपाडव्यापर्यंत कुठल्या तरी कारखान्याच्या रानात उसाच्या पाचटाच्या कोपीत, म्हणजे खोपटात, राहायचं. बारावीपर्यंत मी स्वतः ऊस तोडलाय. पुढं शिकलो, नोकरी लागली, माझ्या हातातला कोयता सुटला. दादाच्या हातातला सुटला नाही. आमच्याकडं नवरा-बायको मिळून एक कोयता धरतात. माणसं दोन, मोजायची एकच. दादा आणि वहिनी वीस वर्षं एक कोयता म्हणून जगली, आणि गेली काही वर्षं त्यांची टोळी आमच्याच कारखान्याला होती. म्हणजे भाऊ रानात राबणार आणि मी मोटारसायकलवर येऊन त्याच्या टोळीला रान दाखवणार. लाज वाटायची कधी कधी. तो हसायचा. म्हणायचा, "आपल्यातला एक जण तरी सावलीत हाय, बास की."

ऊस कसा तोडायचा हे आम्हाला आप्पांनी शिकवलं. आप्पा म्हणजे वडील. त्यांच्या घावाला खुंट राहायचा नाही. ते ऊस डाव्या हातानं पुढं रेटायचे. बुडाला ताण बसला की भोवतीची माती आपोआप फाटायची आणि जमिनीच्या आतलं पांढरं बुड दिसायचं. तिथं ते तिरपा घाव घालायचे. सरळ घाव सोपा असतो, पण त्यानं चार बोटं खुंट रानात राहतो. शेतकरी ओरडतात, कारण सगळ्यात गोड आणि जड भाग तोच असतो. आप्पांना शेतकऱ्याचं काही पडलेलं नव्हतं. त्यांचं कारण वेगळं होतं.

एकदा मी घाई केली. नऊ-दहा वर्षांचा असेन. सरळ घाव घालत सुटलो. मागून माय डोक्यावर मोळी घेऊन आली आणि माझा एक खुंट तिच्या टाचेत घुसला. मोळीसकट खाली बसली ती. तोडलेल्या उसाचा खुंट तासलेल्या पेन्सिलीसारखा असतो, चपलेतून आरपार जातो. आप्पांनी मला मारलं नाही. हाताला धरून त्या खुंटापाशी नेलं, माझा तळवा त्याच्यावर ठेवला आणि दाबला. म्हणाले, "मागनं तुझी माय चालतीय, हे इसरायचं न्हाई." तळव्यातून रक्त आलं. माय पुढं कायमची त्या पायानं जरा लंगडीच राहिली. त्या दिवसानंतर माझा आणि दादाचा एकही खुंट राहिला नाही. आमच्या टोळीत हे ठाऊक होतं. ह्या घरचा घाव जमिनीला लागून असतो, बायका पाय कुठंही टाकू शकतात.

आता थायलंडचं.

आमच्या कारखान्यानं आधी एकदा ऊसतोडीचं मशीन आणून बघितलं होतं. ते नापास झालं. सगळीकडं चार-चार बोटं खुंट ठेवत गेलं. शेतकऱ्यांनी बोंब ठोकली, तोडलेल्या बुडातून येणारा पुढचा ऊस, खोडवा, नीट फुटला नाही, मशीन परत गेलं. टोळ्यांनी सुस्कारा सोडला. पण मशीनची कंपनी चिवट निघाली. नवीन मशीन केलंय, थायलंडला येऊन बघा, आमच्या खर्चानं या, असं बोलावणं आलं. जायचं ठरलं तिघांचं: एक संचालक, आमचे मोठे शेतकी साहेब आणि मी. मला कशाला नेता, असं मी साहेबांना विचारलंही. ते म्हणाले, "आम्ही दोघं मशीन बघू. ऊस तुला कळतो. तू पास म्हणशील तर पास."

दादाला हे कळलं तेव्हा टोळी निघायच्या बेतात होती. ट्रॅक्टर भरत होता. वहिनी चुलीची लोखंडी पट्टी बांधत होती. दादा मला बाजूला घेऊन म्हणाला, "हे बघ, मी तुला खोटं बोल म्हणत न्हाई. त्ये मशीन आपल्या रानात चालत न्हाई, हे तुलाबी ठाव हाय. तेवढंच सांगून ये. तेवढं केलंस तरी लई झालं." मी म्हणालो, "सांगतो की. मला काय दिसत न्हाई व्हय?" त्यानं माझ्या खांद्यावर हात ठेवला. तो असलं काही सहसा करत नाही.

ह्या एका गोष्टीसाठी मी गेलो. बाकी मला परदेशाचं काडीचं कौतुक नव्हतं.

युसूफ वडगावच्या बाजारातून घेतलेल्या बॅगेची चेन विमानतळावरच तुटली. ती सुतळीनं बांधून मी परदेशात उतरलो. आणि मग सुरू झाली फरफट. सकाळी सातला गाडीत बसायचं, तीन-तीन तास जायचं, कुठल्या तरी कारखान्यात उतरायचं, थंडगार खोलीत बसायचं, पडद्यावर आलेख बघायचे. दुभाषी म्हणून एक बाई दिली होती. आजोबांच्या काळापासून तिकडंच राहिलेल्या भारतीय घरातली, हिंदी बोलणारी. ती बिचारी दिवसभर बोलून बोलून घसा बसवून घ्यायची. कंपनीचा एक इंजिनिअरही सतत बरोबर असायचा. साठीला आलेला, वाळका, टोपी घातलेला, कधी न हसणारा. जेवायला भात आणि माशाच्या वासाचं काहीतरी. संचालकांनी घरून दशम्या आणि ठेचा आणला होता, त्यावर आम्ही तिघं जगलो. दुसऱ्या दिवशी माझे पाय सुजले. डोकं तर कधी दुखायचं थांबलंच नाही.

त्यात संचालकांना फिरायचं होतं. संचालक म्हणजे आमच्या भागातले बागायतदार, राजकारणात मुरलेले, पांढऱ्या कपड्याला सुरकुती न पडू देणारे. पहिल्याच बैठकीत ते माझ्या कानाशी म्हणाले, "हे आलेख मरू दे रे. एवढं लांब आलोय, चार ठिकाणं तरी बघू. गावाकडं काय सांगायचं, आलेख बघून आलो?" झालं. दोन बैठकांच्या मधे एक ठिकाण, तीन बैठकांच्या मधे दोन ठिकाणं. पाण्यावरच्या बाजारात होडीत बसून त्यांनी एका म्हातारीशी चक्क मराठीत घासाघीस केली, एका टोपीसाठी. ती तिच्या भाषेत भांडली, हे आपल्या. शेवटी टोपी मिळाली आणि ती त्यांच्या डोक्याला लहान झाली. एका उंच इमारतीवर काचेच्या जमिनीवरून चालायचं होतं. मोठे साहेब भिंतीला धरून उभे राहिले, एक पाऊल टाकतील तर शपथ. मी चाललो. खाली बघितलं. खालचं शहर दिसलं, त्यातली माणसं दिसली नाहीत. मला काही वाटलं नाही, फक्त बसावंसं वाटलं.

खरं सांगायचं तर हिंडून बघणं मला ठाऊकच नव्हतं. लहानपणापासून एवढा हिंडलो, पण बघायला म्हणून कुठं थांबलो नाही. धर्मापुरीवरून आमची गाडी कितीदा गेली असेल. आप्पा रस्त्यावरूनच हात करायचे, तिकडं जुनं देऊळ हाय, लई नक्षी हाय म्हणायचे. बैल थांबवले नाहीत कधी. टोळी पुढं जायची ना. आणि आता मी परक्या मुलखात दिवसाला दोन देवळं बघत होतो. मला राग यायचा. कुणावर, ते कळायचं नाही.

दुसऱ्या दिवशी दुपारी मशीन उसात चालवून दाखवलं. मी श्वास धरून बघत होतो. मशीन पुढं गेलं तसा मी मागून वाकलो आणि खुंटाला बोटं लावली. चार बोटं! नवीन रंग, नवीन आवाज, खुंट मात्र जुनाच. मला इतका आनंद झाला की तिथल्या तिथं खुंटाशेजारी चार बोटं धरून मी फोटो काढला आणि दादाला धाडला. खाली बोलून पाठवलं, "न्हाई चालत." दादाचं लगेच उत्तर आलं, "लई बेस." मागं टोळीतल्या पोरांचा हसण्याचा आवाज होता. मोठे साहेबही मान हलवत म्हणाले, आपल्याकडं हे कुणी घेणार नाही. इंजिनिअर त्या खुंटाकडं नुसता बघत उभा होता. त्याच्या नोकरीचं काय होतं, त्याच्या घरी कोण होतं, देव जाणे. त्याचं तोंड बघून मला वाईट वाटलं होतं, हेही कबूल करतो.

म्हणजे माझं काम झालं होतं. घरी जाऊन एक पान लिहायचं, नापास म्हणून, आणि सही करायची. उरलेले दिवस नुसते हिंडायचे होते.

तिसऱ्या दिवशी आम्हाला हत्ती बघायला नेलं. वाटेतच होतं. एका डोंगराच्या पायथ्याला वाडी, सात-आठ हत्ती, येणाऱ्या-जाणाऱ्यानं त्यांना खाऊ घालायचा. खाऊ म्हणजे ऊस. हातभर तुकड्यांच्या जुड्या बांधून ठेवलेल्या. संचालक हत्तीच्या सोंडेत जुडी देत होते, मोठे साहेब फोटो काढत होते, आणि मी सावली शोधत मागच्या बाजूला गेलो. तिथं हत्तींसाठी लावलेला उसाचा एक तुकडा होता. दोन बायका लांब सुरीनं ऊस तोडत होत्या. मी बांधावरून आत पाऊल टाकलं आणि खच्चकन खुंट माझ्या चपलेत घुसला.

पाय वाचला. पण माझं डोकंच फिरलं. तीन दिवसांचा सगळा शीण, ते आलेख, तो माशाचा वास, सगळं एकदम वर आलं. "अरे, हे काय तोडणं हाय का?" मी ओरडलो, "केवढे खुंट ठेवलेत! मागनं माणसं चालतात का न्हाई?" बायका घाबरून बघायला लागल्या. दुभाषी बाई धावत आली. तिच्यामागून इंजिनिअर, आणि हत्ती सोडून संचालक. मी एका बाईच्या हातातली सुरी मागून घेतली. सुरी बऱ्यापैकी होती, कोयत्यापेक्षा हलकी. मी वाकलो, डाव्या हातानं ऊस पुढं रेटला, माती फाटली, आणि तिरपा घाव घातला.

वीस वर्षांनी. हाताला सगळं आठवत होतं.

ऊस मुळातून कापला गेला. जमिनीवर नुसती गोल पांढरी खूण. मी दुसरा घेतला, तिसरा घेतला. सरी संपेपर्यंत थांबलो नाही. घाम डोळ्यात गेला, शर्ट पाठीला चिकटला, सुजलेले पाय दुखायचे थांबले. त्या पाच दिवसांत मला एकदाच बरं वाटलं, ते तेव्हा. संचालक मोबाईल धरून ओरडत होते, "वा रे वाघा! मार अजून!" दोघी बायका टाळ्या वाजवायला लागल्या. त्यातली एक अनवाणी पायानं त्या सरीतून चालून आली, परत गेली, आणि हसली.

मग इंजिनिअर माझ्याजवळ आला. गुडघ्यावर बसला. खुंट नसलेल्या त्या खुणेवर त्यानं तळवा ठेवला. पुन्हा कर, हळू कर, असं त्यानं बाईकडून सांगवलं. मी हळू केलं. हात कुठं धरतोस? छातीएवढ्या उंचीवर. आधी रेटतोस की आधी मारतोस? आधी रेटायचं, ताण बसू द्यायचा, मग मारायचं. किती तिरपं? मी दाखवलं. त्यानं खिशातून फोन काढून माझ्या सुरीच्या पात्याला लावला, तिरकेपणा मोजला आणि वहीत लिहिला. आमच्याकडच्या सरी-वरंब्याचं चित्र काढून दे म्हणाला. मी तेही काढून दिलं, मोठ्या बांधणीत उसाच्या बुडाला माती कशी चढवतात त्यासकट.

तेव्हा मला काही कळलं नव्हतं असं म्हणणं सोपं आहे. पण ते खरं नाही. त्यानं फोन पात्याला लावला तेव्हाच हे माप कशासाठी चाललंय ते मला कळलं होतं. पण एक मोठा इंजिनिअर माझ्यापुढं मातीत गुडघे टेकून बसला होता, आणि आप्पांनी शिकवलेलं शिकत होता. आमच्या घराण्यापुढं असं कुणी कधी बसलं नव्हतं. मी फुगलो. हात थांबवता आला असता, मी थांबवला नाही. एवढं साधं आहे ते.

संचालकांनी तो व्हिडिओ तिथूनच सगळीकडं टाकला. परदेशातही आपलाच माणूस एक नंबर, असं वर लिहून. दुपारी दादाचा फोन आला. टोळी जेवायला बसली होती, आणि सगळ्यांनी तो व्हिडिओ तीन-तीनदा बघून टाळ्या वाजवल्या होत्या. "आप्पा दिसले रं," दादा म्हणाला, "अगदी आप्पा. मान बी तशीच वाकडी." मागून वहिनी ओरडून म्हणाली, "भावजी, हात इसरला न्हाई तुमचा! आमच्या टोळीत या आता!" सगळे हसले. मीही हसलो. गाडीत बसल्यावर बराच वेळ मी त्या आनंदात होतो.

चौथ्या दिवशी सकाळी, जिथं मशीन चालवून दाखवलं होतं त्याच रानात आम्हाला पुन्हा नेलं. कुठलं देऊळ बघायचं ठरलं होतं, ते मोडलं. मशीन उभं होतं. त्यात ऊस पुढं ढकलणारा एक रूळ होता आणि खाली फिरणाऱ्या दोन चकत्या. रूळ आता खाली घेतला होता, चकत्या तिरप्या केल्या होत्या. बाकी सगळं तेच. मशीन सुरू झालं. रुळानं ऊस रेटला, ताण बसला, आणि मग चकत्या आत शिरल्या. मी मागून गेलो. बोटं लावायला काही उरलंच नव्हतं. जमिनीवर गोल पांढऱ्या खुणा, एकापाठोपाठ एक, सरीच्या टोकापर्यंत.

इंजिनिअर माझ्यापुढं दोन्ही हात जोडून वाकला. त्या दिवशी पहिल्यांदा तो हसला.

शेवटच्या दिवशी आम्ही झोपलेला बुद्ध बघितला. आडवा, सोन्याचा, एका टोकाला उभं राहिलं तर दुसरं टोक दिसत नाही. माणसं रांगेनं पुढं सरकत होती. त्याच्या पायांपाशी पोचलो तेव्हा संचालक म्हणाले, "चार मशीनं घेऊ. बाकीचं पुढच्या वर्षी बघू." मी म्हणालो, "साहेब, आपली रानं लहान हायेत. दगड-गोटे हायेत. वळायला जागा न्हाई." मी म्हणालो, "टोळ्यांचं काय करायचं?" संचालक त्या पायांचा फोटो काढत होते. काढून झाला तेव्हा म्हणाले, "अरे, तूच तर घाव दाखवून मशीन चालतं केलंस बे. आता मागं सरतोस होय? टोळीवाल्यांना दुसरं काम मिळेल. सारखं कोपीत राहायचं का त्यांनी?" मोठे साहेब रांगेत पुढं सरकले. बुद्धाचे तळवे सपाट होते, त्यांवर शिंपल्याचं नक्षीकाम होतं. मला मायची टाच आठवली. मी तिथं, त्या गर्दीत, उभ्या उभ्या रडलो. मागच्या माणसांना वाटलं असेल, भाविक आहे.

परत आल्यावर अहवाल लिहायचा माझ्याकडंच होता. मी दोन पानं लिहिली. दगड लिहिले, लहान रानं लिहिली, सगळं लिहिलं. पण खुंटाच्या रकान्यात काय लिहिणार? जे होतं ते, शून्य, लिहिलं, आणि सही केली.

दादाला मी काही सांगितलं नाही. हंगाम संपून तो गावी आला, माझ्यासाठी कोपीवर वाढवलेला एक कोंबडा घेऊन. तिकडचे फोटो दाखव म्हणाला. हत्ती, होड्या, काचेची जमीन, बुद्ध, सगळं त्यानं मन लावून बघितलं. वहिनी मागून वाकून बघत होती. "मशीनचं काय झालं मंग?" त्यानं विचारलं. मी म्हणालो, "बघू, वर ठरल." तो म्हणाला, "चार बोटं खुंट ठिवल्यावर काय ठरायचंय?" आणि पुढचा फोटो बघायला लागला. भेकड माणूस होतो मी. आहे.

पुढच्या दिवाळीला मशीनं आली. आमच्या गावच्या टोळीला कारखान्यानं निरोप दिला, यंदा नको. निरोप द्यायला दुसरा माणूस गेला. मी रजा टाकून घरी पडून राहिलो.

मशीन पहिल्यांदा चाललं ते आमच्या केज तालुक्यातल्याच एका रानात. बघायला गर्दी. गर्दीत दादा आणि वहिनी होती. मी त्यांना लांबूनच बघितलं आणि मशीनच्या आडोशाला गेलो, पण मशीन पुढं निघून गेलं आणि मी उघडा पडलो. दादानं माझ्याकडं बघितलं नाही. तो मशीनच्या मागं गेला आणि उकिडवा बसला. खुंट बघायला बोटं नेली त्यानं, मी नेली होती तशीच. बोटं तिथंच थांबली. मग त्यानं आख्खा तळवा ठेवला. पुढच्या खुणेवर ठेवला. मग त्याच्या पुढच्या. असा पाच-सहा खुणा तो तळव्यानं चाचपत गेला, आणि उठला.

"हे सरळ मारत न्हाई," तो म्हणाला. "आधी रेटतंय."

मी पुढं गेलेल्या मशीनकडं बघत राहिलो.

"आप्पाचा घाव हाय ह्यो." त्यानं माझ्याकडं बघितलं. "कुणी शिकिवलं ह्याला?"

खोटं बोलायला तोंड उघडलं होतं. पण समोर दादा होता. "म्या," मी म्हणालो. "हत्तीच्या रानात. तुमी बघितलं त्यो व्हिडिओ. मशीनवाला इंजिनेर समोर बसून लिहून घेत व्हता."

शिवी देईल असं वाटलं. दिली असती तर बरं झालं असतं. त्यानं हातावरची माती झटकली. "आमी टाळ्या वाजिवल्या रं," एवढंच म्हणाला. आणि वहिनीला म्हणाला, "चल गं." ती दोघं बांधावरून निघून गेली.

दादा त्यानंतर माझ्याशी बोललेला नाही. पुण्याकडं कुठल्या तरी इमारतीवर राखण करतो. एका माणसाचं काम आहे ते, त्यामुळं एकटाच गेला. वहिनी गावातच राहिली. कोयता फुटला.

मशीनच्या मागं उसाच्या कांड्या सांडतात. त्या वेचायला पाच-सहा बायका लागतात. त्यांची हजेरी मी लावतो. एका सकाळी वही उघडून नावं विचारत होतो, तर समोर वहिनी. डोक्याला टॉवेल गुंडाळलेला, कमरेला गोणी. मी मान खाली घातली. तिनं आपलं नाव सांगितलं, मला ठाऊक नसल्यासारखं, आणि मी लिहून घेतलं.

दुपारी ती पाणी प्यायला बांधावर आली. चपला तिनं बांधावरच काढून ठेवल्या होत्या. मला म्हणायचं होतं, वहिनी, माफ करा. तेवढं म्हणायची हिंमत मी सकाळपासून गोळा करत होतो. पण ती आधी बोलली. टोमणा नव्हता. मला तिचा टोमणा ओळखता येतो.

"एक मातर बरं झालं भावजी," ती म्हणाली. "खुंट न्हाई राहत. पायाला कायबी लागत न्हाई."

तांब्या ठेवून ती परत रानात उतरली आणि मशीनच्या मागून अनवाणी चालायला लागली.